२०२४मध्ये पहिली कोण, ॲपल की सॅमसंग? दोन अहवाल, दोन उत्तरं

तिसवाडी
बी.कॉम.च्या प्रकल्पासाठी स्मार्टफोन कंपन्यांच्या बाजारहिश्श्याचा तक्ता करायचाय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. आयडीसी, काउंटरपॉइंट आणि कॅनालिस या बाजाराचे आकडे काढणाऱ्या संस्थांचे अहवाल घेतले. २०२४ सालासाठी आयडीसी ॲपलला पहिला नंबर देते: १८.७ टक्के, सॅमसंगला १८.०. काउंटरपॉइंट सॅमसंगला पहिला नंबर देते: १९ टक्के, ॲपलला १८. कॅनालिसच्या तक्त्यात दोन्ही १८-१८. साल तेच, जग तेच. मग चुकतंय कोण?
आणखी एक. सरांनी ‘गोव्यातील स्थिती’ असं प्रकरण घालायला सांगितलंय. या अहवालांतून गोव्याचा आकडा काढता येतो का?

हिशेबनीस
चुकत कोणीच नाही. कारखान्यातून निघालेला फोन गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत तीनदा विकला जातो. कंपनी वितरकाला बिल करते ती प्रायमरी, वितरक दुकानदाराला देतो ती सेकंडरी, दुकानातून गिऱ्हाईक नेतं ती टर्शरी. म्हापशाच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात हे तीन शब्द दिवसभर कानावर पडतील. अहवालांच्या भाषेत पहिली म्हणजे शिपमेंट किंवा सेल-इन, शेवटची म्हणजे सेल-थ्रू किंवा सेल-आउट.

आयडीसी आणि कॅनालिस शिपमेंट मोजतात. काउंटरपॉइंटचा तो १९-१८ वाला आकडा सेल-थ्रूचा आहे. पण याच काउंटरपॉइंटचे भारताचे तिमाही तक्ते शिपमेंटचे असतात, म्हणून संस्थेच्या नावावरून ठरवू नका. तक्त्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचा.

आता फरक किती ते बघा. आयडीसीच्या हिशेबाने २०२४मध्ये ॲपलचे २३.२१ कोटी फोन, सॅमसंगचे २२.३४ कोटी, एकूण बाजार सुमारे १२४ कोटी. म्हणजे दोघांत अंतर ८७ लाखांचं, बाजाराच्या पाऊण टक्क्याहूनही कमी. उलट कॅनालिस त्याच वर्षी, त्याच पद्धतीने ॲपलचे साडेबावीस कोटींच्या आसपास धरते. एकाच कंपनीवर दोन संस्थांत साठेक लाखांचा फरक पडत असेल, तर ८७ लाखांच्या आघाडीवर ‘पहिला-दुसरा’ लिहिताना हात आखडता घ्यावा.

हे सगळे अंदाजच आहेत, कारण सगळ्याच कंपन्या नेमके नग सांगत नाहीत. सॅमसंगने तिमाही निकालांत फोनविक्रीचा नेमका आकडा देणं २०११मध्ये बंद केलं. ॲपलने नोव्हेंबर २०१८मध्ये जाहीर केलं की यापुढे आयफोनचे नग सांगणार नाही. तिचा शेवटचा जाहीर आकडा जुलै-सप्टेंबर २०१८चा, ४.६९ कोटी. त्यानंतर सुटे भाग पुरवणारे, सीमाशुल्काच्या नोंदी, वितरक आणि दुकानं यांच्याकडून माहिती गोळा करून गणित मांडलं जातं. शाओमी हाँगकाँगच्या शेअर बाजारात असल्यामुळे दर तिमाहीला शिपमेंट स्वतःच सांगते, तिथे पडताळणी सोपी.

सेल-इन आणि सेल-आउट कसे फाटतात ते एका काल्पनिक वितरकावर बघा. तिमाहीच्या सुरुवातीला गोदामात ४०० नग. कंपनीने १००० पाठवले, दुकानांतून गिऱ्हाइकांनी ७०० नेले. शिल्लक ७००. अहवालात कंपनीचे १००० लागले, गिऱ्हाइकांच्या खिशात गेले ७००. पुढच्या तिमाहीत कंपनी हात आवरते, ५०० पाठवते. विकले जातात ८००. शिल्लक पुन्हा ४००. सहा महिन्यांचा हिशेब दोन्हीकडे १५००. तिमाहीचं चित्र मात्र पहिल्यांदा ‘जोरदार वाढ’ आणि नंतर ‘निम्म्यावर घसरण’ असं दिसतं, आणि प्रत्यक्षात खप वाढलेला असतो! म्हणून तिमाहीपेक्षा वर्षाचा आकडा भरवशाचा. शिल्लक किती आठवड्यांची तेही काढा: ७०० भागिले आठवड्याचा खप (७०० भागिले १३, म्हणजे ५४) म्हणजे १३ आठवडे. दीड-दोन महिन्यांच्या वर साठा गेला की पुढच्या तिमाहीत शिपमेंट पडणार हे आधीच समजून घ्या.

काउंटरवाला
हिशेबनीसांनी गोदामापर्यंतचं सांगितलं, काउंटरवरचं मी सांगतो. टर्शरी म्हणजे खरी विक्री असंही डोळे झाकून धरू नका.

बऱ्याच कंपन्या टर्शरी मोजतात ती ॲक्टिव्हेशनवरून: फोन सुरू होऊन इंटरनेटला लागला की त्याचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) कंपनीच्या सर्व्हरवर ‘विकला गेला’ म्हणून पडतो. दुकानदाराची स्कीम त्यावरच. समजा ३० नगांचा स्लॅब आहे, म्हणजे तेवढे झाले की जादा पैसे, आणि महिनाअखेरीला २७ झालेत. उरलेले तीन बॉक्स फोडून सिम घालून सुरू करायचे, स्लॅब घ्यायचा, आणि फोन पुढच्या महिन्यात विकायचे. आकडा महिनाभर आधी लागतो. गिऱ्हाइकाचं नुकसान असं की वॉरंटी बहुधा ॲक्टिव्हेशनच्या तारखेपासून धरली जाते. फोन घेताना सील बघाच, आणि घरी आल्यावर सेटिंगमधली वॉरंटीची तारीख बिलाशी ताडून बघा.

दुसरं, सणांचा माल. गोव्यात फोनचा पहिला मोठा हंगाम चवथीचा, मग दिवाळी. २०२३ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, तरी तिचा माल सप्टेंबरमध्येच दुकानात भरून झालेला असतो. म्हणजे प्रायमरी जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत, टर्शरी ऑक्टोबर-डिसेंबरच्या तिमाहीत. २०२२ला दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, म्हणजे माल भरण्याचे आणि विक्रीचे दिवस पुढेमागे सरकतात. या दोन वर्षांच्या तिमाह्या एकमेकांशेजारी ठेवून ‘मागणी घटली’ लिहिणारे बातमीदार दरवर्षी भेटतात.

आणि गोव्याचा आकडा म्हणाल तर अवघड आहे. वितरकाचा माल शेजारच्या राज्यात जातो, तिथला इथे येतो. ऑनलाइन मागवलेला फोन भिवंडीच्या गोदामातून निघालेला असू शकतो. कुठल्या राज्याच्या खात्यावर टाकणार तो?

तिसवाडी
धन्यवाद दोघांनाही. मग स्टॅटकाउंटर हे संकेतस्थळ वापरलं तर? तिथे टक्के आयते मिळतात. शिवाय आयएमईआयच मोजले तर नग बरोबर येतील ना?

पेडण्याचा
स्टॅटकाउंटर विक्री मोजतच नाही. ज्या संकेतस्थळांवर त्यांचा कोड बसवलाय, तिथली किती पानं कुठल्या फोनवरून उघडली ते मोजतं. त्यात चार वर्षं जुना फोनही येतो, सेकंडहँड घेतलेलाही येतो, आणि दिवसभर ब्राउझर उघडणारा माणूस दहा वेळा येतो. वापरात किती फोन आहेत याचा ढोबळ अंदाज घ्यायला ठीक. २०२४च्या विक्रीच्या रकान्यात तो टाकलात तर परीक्षक पहिला तिथेच बोट ठेवतील.

आयएमईआयचं म्हणाल तर त्यात सरळ सापळा आहे. *#०६# दाबून बघा: दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय दिसतील. नुसते क्रमांक मोजले तर भारतातला बाजार जवळजवळ दुप्पट होईल. क्रमांक १५ अंकी असतो. पहिले ८ अंक मॉडेल सांगतात, त्याला टॅक म्हणतात, पुढचे ६ अनुक्रमांक, शेवटचा पडताळणीचा. सहा अंकांत दहा लाखच नग बसतात, म्हणून खपाच्या मॉडेलला अनेक टॅक लागतात. एक टॅक म्हणजे एक मॉडेल असं धरून मोजू नका. एखादा क्रमांक कुठल्या कंपनीचा ते पाहायचं असेल तर केवायएम, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही दिसतं.

तक्ता करताना घात करणाऱ्या आणखी गोष्टी.

ब्रँड कोणाच्या पोटात घातलाय? जागतिक तक्त्यांत शाओमीमध्ये रेडमी आणि पोको धरतात. भारताच्या आयडीसी तक्त्यात पोको वेगळा असतो आणि विवोपुढे ‘आयक्यू वगळून’ अशी टीप असते. ट्रान्शन म्हणजे टेक्नो, इन्फिनिक्स आणि आयटेल मिळून. हुआवेने ऑनर नोव्हेंबर २०२०मध्ये विकला, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या हुआवेची सरळ तुलना होत नाही.

‘क्यू१’ कोणाचा? आयडीसीचा जानेवारी-मार्च. ॲपलचं आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपतं, तिचा क्यू१ म्हणजे ऑक्टोबर-डिसेंबर. आपल्याकडच्या कंपनीचा एप्रिल-जून. तक्त्यात क्यू१ लिहूच नका, महिने लिहा.

‘प्रीमियम’सुद्धा तसंच. काउंटरपॉइंटच्या भारतीय अहवालात ३०,००० रुपयांच्या वरचा फोन प्रीमियम. आयडीसीकडे तो ६०० ते ८०० डॉलरचा गट. दोन्हींतले टक्के एका स्तंभालेखात टाकले तर तो स्तंभालेख फाडून टाकावा लागेल.

हिशेबनीस
पेडणेकरांच्या यादीत एक भर: नग की रुपये? आयडीसीच्या हिशेबाने २०२४मध्ये भारतात १५.१ कोटी स्मार्टफोन आले, त्यात ॲपलचे १.२ कोटी. म्हणजे नगांत जेमतेम ८ टक्के, आणि नगांत पहिली विवो. त्याच वर्षी काउंटरपॉइंटच्या मूल्याच्या तक्त्यात ॲपल २३ टक्क्यांसह पहिली. दोन्ही वाक्यं खरी, रकाने वेगळे.

हे भांडण जुनं आहे. २०१४च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिसने मायक्रोमॅक्सला भारतात पहिलं ठरवलं, २२ विरुद्ध २० टक्के. सॅमसंगने जीएफके या दुसऱ्या संस्थेचे किरकोळ विक्रीचे आकडे पुढे करून ते नाकारलं. २०१७च्या शेवटच्या तिमाहीत शाओमी पुढे गेल्याचं काउंटरपॉइंट आणि कॅनालिस दोघांनी सांगितलं, तेव्हाही सॅमसंगने जीएफकेचाच दाखला दिला. सगळा वाद शिपमेंट विरुद्ध दुकानातली विक्री हाच. प्रकल्पात उदाहरण म्हणून हे घ्या, फार बोलकं आहे.

आता गोवा. दूरसंचाराच्या नकाशात गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो (मुंबई वेगळं), त्यामुळे ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) ग्राहकसंख्येतूनसुद्धा गोवा सुटा काढता येत नाही. राष्ट्रीय आकड्याला लोकसंख्येने भागून गोव्याचा हिस्सा काढायचा मोह होईल. तो टाळा. इथलं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून बरंच वर आहे, महाग फोनांचं प्रमाण तेच राहणार नाही.

त्यापेक्षा स्वतः मोजा आणि ‘वापरातील फोन’ असंच नाव द्या. ४०० जणांना विचारलंत तर चूक साधारण अधिक-उणे ५ टक्के येते. म्हणजे १८ आणि २० टक्क्यांच्या कंपन्यांत कोण पुढे ते ४०० जणांवरून सांगता येणार नाही. ३५ आणि १५ असेल तर बिनधास्त सांगा. एक टक्क्यापर्यंत यायचं तर दहा हजार माणसं लागतील, ते सोडा. ४०० जण एकट्या पणजीत गाठू नका. सासष्टी, बार्देश, फोंडा, मुरगाव, सत्तरी, काणकोण अशी तालुक्यांच्या लोकसंख्येनुसार वाटणी करा. कळंगुटच्या किनाऱ्यावर विचारलंत तर पर्यटकांचे फोन मोजून याल. आणि ‘कुठला फोन आहे?’ एवढ्यावर थांबू नका; ‘कधी घेतला, नवा की जुना, दुकानातून की ऑनलाइन’ हेही विचारा. गेल्या १२ महिन्यांत नवा घेतलेले वेगळे काढलेत की निदान विक्रीच्या जवळपास जाणारं काहीतरी हाताशी येईल. ४००पैकी असे शंभरच निघाले तर त्यांच्यापुरती चूक १० टक्क्यांवर जाते, हे मात्र खाली लिहा.

तिसवाडी
समजलं. जगाच्या तक्त्याला मथळा असा चालेल का: ‘स्मार्टफोन विक्री, २०२४’?

पेडण्याचा
‘विक्री’ नको. ‘नवे स्मार्टफोन, जग, जानेवारी-डिसेंबर २०२४, शिपमेंट, आयडीसीचा जानेवारी २०२५चा प्राथमिक अंदाज’. लांबलचक आहे, पण तसंच ठेवा. ‘प्राथमिक’ हा शब्द गाळू नका. पुढच्या अहवालात मागच्या वर्षाचे आकडे थोडे बदललेले असतात, म्हणून वाढीचा टक्का काढताना दोन्ही वर्षांचे आकडे एकाच, ताज्या अहवालातून घ्या. काउंटरपॉइंटचा तक्ता खाली वेगळा द्या, त्याच्या मथळ्यात ‘सेल-थ्रू’ लिहून.