भरती मोजायला डबा पुरतो का?

उलटा_लंबक:
परवाच्या एका पोस्टला दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, आवरलं नाही. पोस्टचा सारांश असा: भरती मोजायला मोठ्या यंत्रांचे दिवस गेले; एक अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज पाण्यावर आपटून परतायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढणारा), एक छोटं बोर्ड, वर सौरपट्टी, शिवाय उपग्रहाची फुकट चित्रं, की महिन्याभरात भरतीचं कोष्टक आणि किनाऱ्याचा नकाशा हातात. शेवटी टोमणा, की "ज्यांना बांधता येत नाही ते अचूकतेवर बोलतात."

असा डबा मी बांधला आहे. धक्क्याच्या कठड्याला, पाण्यापासून चार मीटर वर. तापमानाची दुरुस्तीसुद्धा घातली होती, कारण आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदाला 0.6 मीटरने बदलतो हे मलाही ठाऊक होतं. तरी रोज दुपारी समुद्र खचायचा. दहा-बारा सेंटिमीटर. दोन आठवडे मी वाऱ्याला दोष दिला. मग एका दुपारी डब्याला हात लावला आणि चटका बसला. तापमापक काळ्या डब्याच्या आत होता! आत 55 अंश, बाहेर हवा 35. वीस अंशांच्या चुकीने चार मीटरवर जवळपास 14 सेंटिमीटर जातात. मी दुरुस्ती करत नव्हतो, चूक घालत होतो.

आता उपग्रह. सेंटिनेल-2 कुठल्याही ठिकाणावरून साधारण सकाळी साडेदहाच्या स्थानिक सौरवेळेला जातो, लँडसॅटही त्याच सुमाराला. आणि एका ठिकाणी उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती नेहमी जवळपास त्याच घड्याळवेळेला येते. म्हणजे जिथे उधाणाची ओहोटी साडेदहाला पडते तिथे उधाणाची भरती उपग्रहाला जन्मात दिसणार नाही. दहा वर्षं चित्रं जमवा, तेवढा किनारा तुमच्या नकाशात कोरडाच. उतार 50 ला 1 असेल तर एक मीटर पाण्याला रेषा 50 मीटर सरकते, सेंटिनेलचे पाच पिक्सेल. आणि लोक सांगतात, "किनारा 40 मीटर खचला."

सर्किटवेडी:
म्हणजे तुम्ही काळा डबा उन्हात ठेवलात आणि दोष स्वस्त सेन्सरचा. पांढरी जाळीची टोपी लावायची, तापमापक खाली सावलीत लोंबता ठेवायचा. झालं.

मुद्दा तुम्ही सोयीने गाळलात. मोठी यंत्रं बंदरात असतात. खाडीत वीस किलोमीटर आत भरती उशिरा येते, तिचा आकार बदलतो, चढ भराभर आणि उतार रेंगाळत. तिथे बंदराचं कोष्टक घेऊन होडी काढली की चिखलात. मी स्वतः चार तास बसले आहे, डासांसकट. त्या दिवशी माझ्यासमोर पर्याय "अचूक की अंदाजे" हा नव्हता, "अंदाजे की काहीच नाही" हा होता. आपले 14 सेंटिमीटर आपल्याकडे ठेवा.

साखळीवाला_निवृत्त:
दोघांनाही एकच प्रश्न. तुमचं शून्य कुठलं?

डबा कुठल्या बोल्टवर आहे, तो बोल्ट जवळच्या बेंचमार्कपासून (उंची पक्की ठाऊक असलेल्या खुणेपासून) किती वर, लेव्हलिंग म्हणजे उंचीतला फरक मोजणं कुणी केलं, परत कधी तपासलं? हे नसेल तर तुम्ही समुद्र मोजत नाही, कठड्याच्या बोल्टापासूनचं अंतर मोजताय. कठडा खचला तर समुद्र वाढला. बोथनियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला जमीन वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर वर येते आहे, तिथली भरतीयंत्रं समुद्र उतरल्याचं दाखवतात. ती यंत्रं चूक नाहीत, पण जमीन काय करते ते माहीत असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. हल्लीच्या मुलांना तिपाई उभी करायचा कंटाळा, फोन उघडून उंची वाचतात. फोन कधी लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देतो, कधी भूपातळीची, म्हणजे गुरुत्वाने ठरणाऱ्या सरासरी समुद्रपातळीची दुरुस्ती करून. या दोन पृष्ठभागांतला फरक श्रीलंकेच्या दक्षिणेला शंभर मीटरच्या वर जातो. एकाने मला "गाव समुद्राखाली 60 मीटर" असा नकाशा दाखवला होता. छापून.

सर्किटवेडी:
काका, होडीवाल्याला समुद्रसपाटी नको असते. त्याला "या खडकावर किती पाणी" हवं असतं. तो खडकच शून्य.

साखळीवाला_निवृत्त:
मी तुमचा काका नाही. आणि तो खडक आपल्या वहीत आहे का, की तोही आठवणीतच?

रिकामी_फाईल:
शून्य, तापमान सगळं ठीक. मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक घड्याळाची असते आणि त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

हिशेब करा. भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक असेल तर अर्ध्या वाटेवर पाणी मिनिटाला 1.7 सेंटिमीटर चढतं. साध्या स्फटिकाचं घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद इकडेतिकडे होतं, वर्षाला दहा मिनिटं, म्हणजे 17 सेंटिमीटर. लंबकरावांच्या चटक्यापेक्षा जास्त, आणि ही चूक हाताला लागत नाही. शिवाय लोकांच्या फाईली! वेळेचा स्तंभ असतो, पण कुठली वेळ ते लिहिलेलं नसतं. मागे मी तीन लॉगरचा (आपोआप नोंद ठेवणाऱ्या यंत्रांचा) डेटा एकत्र केला, एक खाडीच्या मुखावर, दोन आत. भरती आधी आतल्या टोकाला आणि मग मुखावर. म्हणजे पाणी डोंगरातून समुद्राकडे येतंय! आठवडा घालवला. एका लॉगरचं घड्याळ फोनवरून लावलेलं, फोनवर उन्हाळी वेळ, म्हणजे काही देशांत उन्हाळ्यात तासभर पुढे करतात ती.

फाईलमध्ये फक्त यूटीसी, जगभर एकच असलेली प्रमाणवेळ. यावर चर्चा नको.

सर्किटवेडी:
चर्चा होणारच. माझ्या डब्याला छोटा पडदा आहे, तो वाचणारी माणसं यूटीसीत जगत नाहीत. पहाटे अंधारात उभं राहून कुणी तास वजा करत बसत नाही.

रिकामी_फाईल:
पडद्यावर हवी ती वेळ दाखवा. फाईलचं बोलतोय.

सर्किटवेडी:
एकाच यंत्रात दोन वेळा ठेवल्या की तिसऱ्या महिन्यात कुणीतरी गोंधळ करतो. मीच केला होता. म्हणून एकच, स्थानिक.

रिकामी_फाईल:
म्हणजे चूक तुम्ही केलीत आणि शिक्षा तुमचा डेटा वापरणाऱ्याला. छान. भरती म्हणजे ठरावीक लयींच्या अनेक घटकांची बेरीज; त्यातल्या मुख्य चांद्र घटकाची कला (चक्रातली जागा, पूर्ण चक्र 360 अंश) दहा मिनिटांत जवळपास पाच अंश हलते, तुमच्या तासाने 29. पण आपल्याला काय, खडकावर पाणी आहे ना!

सर्किटवेडी:
तुम्ही एकदा तरी गुडघाभर चिखलात उभं राहून बॅटरी बदलली आहे का, की नुसत्या दुसऱ्यांच्या फाईली उघडता?

साखळीवाला_निवृत्त:
घड्याळावर इतकं भांडताय तर सांगतो. आम्ही रोज सकाळी रेडिओच्या टोल्यावर घड्याळ मिळवायचो आणि फरक वहीत लिहायचो. घड्याळ चुकलं तरी हरकत नव्हती, किती चुकलं ते लिहिलेलं असायचं. सेन्सरचंही तसंच. शेजारी साधी मोजपट्टी ठोका आणि एक अख्खं भरतीचक्र, साडेबारा तास, बसून डोळ्यांनी वाचा. यंत्राचा आकडा एका अक्षावर, फरक दुसऱ्या अक्षावर. ठिपके सरळ उभ्या रेषेत पडले तर यंत्र नीट. रेषा तिरपी झाली तर प्रमाण चुकतंय. चढती आणि उतरती वाट वेगळी होऊन मधे पोट सुटलं तर घड्याळ चुकतंय. वान दे कास्तीलची चाचणी म्हणतात हिला. कागद आणि पेन्सिल लागते.

रिकामी_फाईल:
हे पोट सुटणं मला माहीत नव्हतं. मान्य. तरी यूटीसी.

पिक्सेलमोजणी:
घड्याळातून बाहेर या, किनारा वाट बघतोय.

लंबकरावांचं साडेदहाचं म्हणणं बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा. प्रत्येक चित्राला त्या क्षणीची पाण्याची उंची जोडा, उतार घ्या, रेषा एका ठरावीक पातळीवर आणा. कोस्टसॅटसारखी, उपग्रहचित्रांतून किनाऱ्याची रेषा काढणारी साधनं हेच करतात आणि लँडसॅट 5 पासून, म्हणजे 1984 पासूनची चित्रं वापरतात. एका रेषेवर विश्वास ठेवू नका, तीनशे रेषांचा कल बघा. आता त्या क्षणीची उंची आणायची कुठून? भरतीचं जागतिक मॉडेल खुल्या समुद्रात उत्तम, खाडीत लंगडं. तिथे सर्किटवेडींचा डबाच लागतो. तुम्ही ज्या दोन गोष्टींना नावं ठेवलीत त्या एकमेकींच्या कामाच्या आहेत.

आणि सेन्सर पाण्यावर टांगायलाच हवा असं कुठे आहे? वॉशिंग्टन राज्यात फ्रायडे हार्बरला किनाऱ्यावरच्या जीपीएसने पाण्यावरून परतलेले संदेश वापरून दहा वर्षं पातळी काढली. सुटं मोजमाप 12 सेंटिमीटरने चुकतं, पण दिवसाची सरासरी शेजारच्या भरतीयंत्राशी दोन सेंटिमीटरच्या आसपास जुळते. त्या पद्धतीला कालवं चिकटत नाहीत.

उलटा_लंबक:
तो भूमापनाच्या दर्जाचा जीपीएस होता, डबा नव्हे. आणि बारा सेंटिमीटरची चूक सरासरीत विरघळते हे खरं, पण माझ्या डब्याची चूक रोज दुपारी एकाच दिशेला होती. ती सरासरीने जात नाही, हजार वेळा मोजलं तरी. तुम्ही सगळे "डेटा भरपूर" म्हणता तेव्हा मला हेच टोचतं.

सर्किटवेडी:
म्हणून मी दोन ठेवते. वर अल्ट्रासॉनिक, खाली पाण्यात दाबाचा, वरच्या पाण्याच्या वजनावरून खोली सांगणारा. दोघांच्या चुका वेगळ्या जातीच्या.

उलटा_लंबक:
दाबाचा! हवेचा दाब वजा करता का? वादळात हवेचा दाब 40 हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण 40 सेंटिमीटर वर येतं. हवा जितकी हलकी, पाणी तितकं जड, तळाला बेरीज तीच. नुसता सेन्सर म्हणेल, काही झालंच नाही.

सर्किटवेडी:
वर दुसरा दाबमापक आहे. हो, पहिल्या वर्षी नव्हता. आणि हो, त्या वर्षीचं वादळ माझ्या फाईलमध्ये अर्धंच दिसतं. झालं समाधान?

उलटा_लंबक:
थोडं. खाडीत पावसाळ्यात पाणी गोडं होतं, घनता अडीच टक्क्यांपर्यंत उतरते, तेही बघा. बाकी खाडीत बंदराचं कोष्टक चालत नाही हे तुमचं म्हणणं मी वाचलं होतं, उत्तर दिलं नव्हतं. उत्तर नाही म्हणून. तुमचा डबा राहू दे. त्या पोस्टमधला "महिन्याभरात कोष्टक" मात्र नाही. महिन्यात चंद्र-सूर्याचे मुख्य घटक सुटे होतात. सूर्याचा आणि त्याला चिकटलेला चंद्र-सूर्याचा संयुक्त असे दोन अर्धदैनिक (दिवसातून दोनदा येणारे) घटक वेगळे करायला सहा महिने लागतात. चंद्राच्या कक्षेचा फेरा तर 18.6 वर्षांचा.

पिक्सेलमोजणी:
अठरा वर्षांत त्यांच्या चार बॅटऱ्या आणि तुमचे सहा धागे होतील.

साखळीवाला_निवृत्त:
मॅडम, त्या बोल्टाची उंची अजून आली नाही.

सर्किटवेडी:
नाही काढली. लेव्हल मागून आणली आहे, पट्टी धरायला माणूस मिळालाय. मोजपट्टी ठोकायची आहे, उद्या ओहोटी सकाळी सव्वासहाला.

रिकामी_फाईल:
सव्वासहा कुठली वेळ?