यंत्र वाचतं, शिकतं की पढतं?

खडूफळा: दहावीच्या मुलांसाठी लेख लिहिते आहे आणि एका क्रियापदापाशी अडले आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये 'नेल' (NELL, 'नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर') ही संगणक-प्रणाली सुरू केली. शहर, कंपनी असे काही शे प्रकार आणि संबंध ठरवून, प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणं दिली, आणि ती रात्रंदिवस वेबवरची पानं धुंडाळू लागली. 'अमक्याचे महापौर' अशी इंग्रजी रचना ओळखीच्या शहरांपाशी वारंवार दिसली, की त्या रचनेत येणारं नवं नावही शहराचं, असा तर्क. मी लिहिलं, 'यंत्र वाचून शिकतं.' संपादकांनी केलं, 'यंत्र वाचून माहिती साठवतं.' शिकणं माणसाचंच, म्हणाले. मला हे पटत नाही. आणि त्या सुरुवातीच्या उदाहरणांना काय म्हणावं? 'बीज' फार पुस्तकी वाटतं.

नदीकाठ: माझी हरकत 'वाचून'वर आहे. आजी पोथी वाचायची, पण ओवी 'लागली' नाही तर पान उलटत नसे. इथे अर्थ कुठे लागतो? शेजारचे शब्द मोजले जातात, एवढंच.

तिसरा_प्रहर: म्हणूनच 'पढणे'. साक्षीदार पढवतात, पोपट पढवतात. समर्थांचा पढतमूर्ख आठवा. शब्द घरचा असताना हिंडायचं कशाला?

खडूफळा: पण पढवलेला पोपट पढवलं तेवढंच बोलतो. नेलला कुणी न सांगितलेली शहरं सापडली.

नदीकाठ: आणि चुकाही. ब्राउझरच्या 'कुकीज', म्हणजे संकेतस्थळं आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदी, तिने बेकरीच्या पदार्थांत घातल्या. मग 'कुकीज पुसून टाकल्या' तशाच 'फाइली पुसून टाकल्या' दिसल्यावर फाइलीही खाऊ ठरल्या! शेवटी माणसांनी दुरुस्त केलं.

उंबरठा: मग उदाहरणांना 'विरजण' म्हणा ना! चमचाभर घालायचं आणि पातेलंभर दुधाचं दही होतं. विरजण बिघडलेलं असेल तर सगळं दही बिघडतं. कुकीजचं तेच झालं.

तिसरा_प्रहर: शास्त्रीय लेखात विरजण? मुलांना परिभाषा हवी. 'यंत्राध्ययन', 'बीजोदाहरण'. 'महापौर' हाही सावरकरांनी घडवलेलाच शब्द, आज कुणाला खटकतो?

उंबरठा: 'महापौर' रुळला, पण घडवलेले कितीतरी शब्द कोशातच राहिले, ते कुणी मोजत नाही. 'बीजोदाहरण' वाचून माझी भाची पुस्तक मिटेल. तिला विरजण ठाऊक आहे.

नदीकाठ: शिवाय कुकीजच्या वेळी विरजण चांगलंच होतं, मध्येच माशी पडली.

खडूफळा: विरजण घेते. पण 'शिकतं' की 'साठवतं'? उद्या मजकूर द्यायचा आहे.

मागचं_दार: आमच्या घरी विरजणाला 'मुरवण' म्हणतात. 'अदमुरं दही' त्याच 'मुरणे'तलं असावं. ज्ञानही मुरतंच की. तुमच्याकडे कुणी म्हणतं का मुरवण?

उंबरठा: सासरी म्हणतात! पण तिकडे लोणच्यालाही...