मांड्या भरत नाहीत: बैठका माराव्यात की जिममधलं वजन वाढवावं?

कराडकर_पुण्यात:
नमस्कार मंडळी. वय २६, उंची ५ फूट ९ इंच, वजन ६४ किलो. हिंजवडीत नोकरी. दीड वर्ष झालं जिम चालू आहे. छाती-दंड बऱ्यापैकी आलेत, मांडी मात्र साडेवीस इंचांवर अडकलीय. शनिवारी एकदाच पाय करतो: स्क्वॉट, लेग प्रेस, हॅक स्क्वॉट, लंजेस, स्टेप-अप, लेग एक्स्टेन्शन, प्रत्येकी तीन सेट. मंगळवारपर्यंत जिना उतरवत नाही, तरी टेप हलत नाही. आजोबा तालमीतले, ते म्हणतात सगळं सोड आणि रोज दोनशे बैठका मार. यातलं काय ठेवू, काय काढू?

लाल_माती:
भावा, मी कोल्हापुरात तालमीत सहा वर्षं काढली, आता तालुक्याच्या गावी छोटी व्यायामशाळा चालवतो. आजोबांना खोटं पाडू नकोस, पण बैठका कशासाठी मारायच्या ते त्यांनाच विचार. कुस्ती लांबली तरी पाय बोलू नयेत, यासाठी. मी पहाटे चारला उठून पाचशेवरून हजारावर गेलो. दम वाढला. मांडी पहिले पाच-सहा महिने भरली आणि पुढं वर्षभर तिथंच थांबली. मग वस्ताद म्हणाले, आता आकडा सोड, जोडीदाराला खांद्यावर घे. बारा-पंधरा बैठकांत पाय थरथरायचे. त्या पावसाळ्यात माझी पँट मांडीला अडकायला लागली.

सेटच्या शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर जड गेल्या पाहिजेत. वजन पाच वेळा उचलता येण्याजोगं असो नाहीतर तीस वेळा, त्यानं फारसा फरक पडत नाही, स्नायू थकव्याच्या टोकाजवळ जायला हवा. हजार बैठकांत आधी दम संपतो, मांडी शिल्लक राहते.

आता तुझी यादी बघ. स्क्वॉट, प्रेस, हॅक, लंजेस, स्टेप-अप, या पाचांचं काम जवळपास एकच. मागच्या मांडीला यात काहीच नाही! स्क्वॉटमध्ये गुडघा आणि खुबा दोन्ही एकदम वाकतात. मागचा स्नायू वरून ताणला जातो आणि खालून सैल पडतो, त्यामुळं त्याला धड काम मिळत नाही. त्यासाठी रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून खुब्यातून पुढं झुकत वजन खाली-वर न्यायचं) आणि लेग कर्ल (मशीनवर टाच मागं ओढत गुडघा वाकवायचा) हवेच. बसून करायचं कर्लचं मशीन असेल तर तेच घे, बसल्यावर खुबा वाकलेला असल्यानं स्नायू ताणलेल्या अवस्थेत राबतो. पुढच्या मांडीतला मधला लांब स्नायूही खुब्यावरून जातो, त्याला स्क्वॉट कमी पडतो. म्हणून लेग एक्स्टेन्शन, म्हणजे मशीनवर बसून गुडघा सरळ करायचा व्यायाम, काढू नकोस.

शनिवारचा ढीग दोन दिवसांत फोड. सोमवारी स्क्वॉटचे चार सेट, सहा ते दहा वेळा, मग कर्ल आणि एक्स्टेन्शन तीन-तीन. गुरुवारी रोमानियन डेडलिफ्ट, लेग प्रेस, पुन्हा कर्ल. दोन्ही दिवस शेवटी उभ्यानं पोटऱ्या, गुडघा सरळ ठेवून, टाच पूर्ण खाली नेऊन क्षणभर थांबायचं. बसून केलंस तर बाहेरून दिसणारी पोटरी सैल पडते. सगळे सेट पूर्ण वेळा निघाले की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढव. वही ठेव. माझ्याकडं येणाऱ्या दहा पोरांत आठांना मागच्या आठवड्यात किती उचललं हे सांगता येत नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण घाम ती खरोखर गाळतात.

एक राहिलं. स्क्वॉट किती खाली जातोस? अर्ध्यावरून परतत असशील तर वजन कमी कर आणि मांडी गुडघ्याच्या खाली जाऊ दे. टाच उचलत असेल तर खाली पातळ प्लेट सरकव. गुडघा चवड्याच्या पुढं गेला म्हणून घाबरू नकोस, देशी बैठकीत तो जातोच.

फिजिओ_नाशिक:
दादांच्या प्लॅनला माझी हरकत नाही. प्रश्न विचारणाऱ्या भावाला एकच सांगते, सवय नसताना पहिल्याच दिवशी दोनशे बैठका नकोत. असं करून दुसऱ्या दिवशी मांड्या टणक सुजलेल्या आणि लघवी चहासारखी गडद, अशी मुलं मी पाहिली आहेत. स्नायू तुटून त्यातला द्रव्यांश रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर येतो. तसा रंग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पाणी पिऊन वाट बघायची नाही. आणि मंगळवारपर्यंत दुखणं ही वाढीची खूण नाही. आठवड्यातून एकदाच एवढा भार टाकता, म्हणून ते दुखतं.

कराडकर_पुण्यात:
दादा, ताई, मनापासून आभार. मागच्या मांडीचा विचारच केला नव्हता. मेसचा डबा खातो, शाकाहारी. खुराकाचं काय?

लाल_माती:
६४ किलो म्हणजे उपाशीच व्यायाम चाललाय रे. वजनाच्या किलोमागं १.६ ग्रॅम प्रथिनं धर, म्हणजे रोज शंभरच्या आसपास. डब्यातली आमटी-चपाती तेवढं देत नाही. अर्धा लिटर दुधात साधारण १६ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८. बदामाची थंडाई पैलवानाची ओळख खरी, पण बदामात प्रथिनांपेक्षा तेल जास्त, ती वजनासाठी घे. आठवड्याला पाव किलो वाढलं की पुरे. टेप लावताना गुडघ्याच्या वाटीच्या वर एक वीत मोजून खूण कर आणि दर महिन्याला सकाळी तिथंच लाव.

कराडकर_पुण्यात:
रॅक सकाळी साडेसहाला रिकामा असतो. येत्या सोमवारी पहिला स्क्वॉट, वही आजच आणली. आजोबांना फोन केला, ते म्हणाले त्यांनीही जोडीदार खांद्यावर घेतला होता, मला कधी सांगितलं नव्हतं.