हर्बेरियमच्या जुन्या नोंदींवरून सर्वेक्षणासाठी दुर्लक्षित ठिकाणे कशी निवडावीत?

सडेवाट (प्रश्न):
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील सपुष्प वनस्पतींच्या नोंदी एकत्र करीत आहे. पुणे, मुंबई आणि कोल्हापूर येथील हर्बेरियममधील (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहालयांतील) शीटवरची लेबले उतरवून घेतली व जीबीआयएफ या जीवजातींच्या नोंदींच्या खुल्या जागतिक संग्रहातील नोंदी त्यांना जोडल्या. नकाशावर दहा किलोमीटरच्या चौकटी आखल्यावर आंबोलीभोवती बिंदूंची दाटी दिसते, तर घाट आणि किनारा यांच्यामधल्या पट्ट्यातील अनेक चौकटी कोऱ्या राहतात. येत्या पावसाळ्यात हाती मोजकेच दिवस असल्याने थेट या कोऱ्या चौकटींत जावे, की त्या कोऱ्या का आहेत हे आधी तपासावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

दगडफूल:
आधी तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन. चौकट कोरी दिसते याचा अर्थ तेथे कोणी गेलेच नाही असा होत नाही. एकोणिसाव्या शतकात हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या संग्रहातून वाटल्या गेलेल्या, स्टॉक्स व लॉ यांनी गोळा केलेल्या अनेक नमुन्यांच्या लेबलावर ठिकाण म्हणून 'मलबार, कोकण इत्यादी' एवढेच छापलेले असते. अशी नोंद ओढूनताणून जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर बसवली, तर तो बिंदू उगाचच समृद्ध दिसू लागतो. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या लेबलावरील 'रत्नागिरी जिल्हा' आजच्या मालवणातला किंवा कुडाळातलाही असू शकतो. संस्थानकाळातील लेबलावर नुसते 'सावंतवाडी' असेल, तर ते शहर की संपूर्ण संस्थान, हेही ठरवावे लागते. म्हणून प्रत्येक नोंदीला अनिश्चिततेची त्रिज्या (खरे ठिकाण बिंदूपासून किती दूर असू शकते ते अंतर) द्यावी, आणि ती चौकटीपेक्षा मोठी असेल तर नोंद नकाशातून वगळून केवळ जातींच्या यादीत ठेवावी. एकाच संग्राहकाच्या एकाच क्रमांकाच्या प्रती निरनिराळ्या हर्बेरियममध्ये गेलेल्या असतात, त्या एकदाच मोजाव्यात.

कातळगेंद:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु माझ्या दृष्टीने नोंदींच्या संख्येपेक्षा महिने अधिक बोलके असतात. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पहिल्या पावसाबरोबर कंदवर्गीय वनस्पती फुलतात, श्रावण-भाद्रपदात गेंद, सीतेची आसवे आणि तेरडे येतात, आणि गवते ओळखू येण्याजोगी होईपर्यंत पाऊस ओसरलेला असतो. सदाहरित जंगलातील बरीच झाडे तर हिवाळा संपताना किंवा उन्हाळ्यात फुलतात. ज्या चौकटीतील सर्व नमुने सप्टेंबरचे आहेत, ती नकाशावर कितीही भरलेली दिसली तरी वृक्षांच्या बाबतीत कोरीच समजावी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, हेही येथे लक्षात ठेवावे. चौकटीतील किती जाती एकदाच आणि किती दोनदा गोळा झाल्या आहेत, यावरून संख्याशास्त्रज्ञ चाओ यांच्या सूत्राने न सापडलेल्या जातींचा अंदाज बांधता येतो. मात्र नोंदी अगदीच थोड्या असतील तर तो अंदाज भरवशाचा राहत नाही, म्हणून अशा चौकटी वेगळ्या काढाव्यात.

पाणवठा:
हबार्डिया हेप्टान्यूरॉन या गवताचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 1919 मध्ये कर्नाटकातील गिरसप्पा (जोग) धबधब्याजवळ ते गोळा केले गेले, पुढे अनेक दशके कोणालाच दिसले नाही म्हणून नामशेष मानले गेले, आणि या शतकात महाराष्ट्रातील तिलारी परिसरात पुन्हा सापडले. ते ओल्या कातळावर वाढते. त्यामुळे जुन्या लेबलावर अधिवासाविषयी एखादा शब्द असेल तर तो गावाच्या नावाइतक्याच काळजीने उतरवून घ्यावा. उंची, पाऊस आणि खडक यांच्या नकाशांवर आपल्या नोंदी ठेवून पाहाव्यात, कारण बहुतेक संग्रह रस्त्यांच्या कडेने झालेला असतो आणि रस्त्यापासून दूरचे कडे, ओहोळ व देवरहाटी (देवाच्या नावाने राखलेली वने) त्यातून सुटतात. देवरहाटीत जाण्यापूर्वी गावकर व मानकऱ्यांची संमती घ्यावी, वनक्षेत्रासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी, आणि दुर्मीळ जातींचे नेमके अक्षांश-रेखांश उघड करू नयेत.

सडेवाट:
सर्वांचे मनापासून आभार. नोंदी महिन्यांनुसार पुन्हा लावल्यावर आंबोलीलगतच्या दोन चौकटींत फेब्रुवारी ते मे या काळातील एकही नमुना नाही, असे आढळले. त्यामुळे पावसाळ्यातील दिवस मधल्या पट्ट्यातील सड्यांसाठी ठेवून त्या दोन चौकटींतील झाडांसाठी मार्चमध्ये वेगळी फेरी करण्याचे मी ठरवले आहे.