१२ वर्षं जुन्या वॅगनआरवर फांदी पडली, क्लेम टाकू का?

चिंचवडकर:
परवाच्या पावसात सोसायटीबाहेर लावलेल्या गाडीवर गुलमोहराची फांदी पडली. बॉनेट दबलंय, पुढची काच गेली, बंपरचा एक कान तुटून लोंबतोय. गॅरेजवाला ३८ हजार म्हणतोय, पॉलिसी फुल आहे, आयडीव्ही (कंपनीने धरलेली गाडीची किंमत) १ लाख १० हजार, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ५० टक्के. बायको म्हणते भंगारात द्या एकदाची. काय करू?

जुनीगाडी:
आधी फोटो काढा, फांदी गाडीवर असतानाचे असतील तर उत्तमच, आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा. सर्व्हेयर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक नटही खोलू देऊ नका, माझा भाऊ तिथेच फसला. घसारा (पार्ट जुना झाल्याची वजावट) असा कापतात: काचेला काही नाही, प्लास्टिक-रबरला ५० टक्के, पत्र्याच्या पार्टला १० वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के. वर १ हजार कंपल्सरी, म्हणजे ते तुमच्याच खिशातून.

चिंचवडकर:
म्हणजे बॉनेटचे अर्धे माझेच! टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी पूर्ण आयडीव्ही, नाही का देणार?

जुनीगाडी:
नाही हो, खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तरच, म्हणजे तुमच्या केसमध्ये साडेब्याऐंशी हजारांच्या वर.

डेंटवाली ताई:
क्लेम केला की एनसीबी जाईल याचं फार टेन्शन घेऊ नका, ती सूट ओडी प्रीमियमवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर) असते, आणि जुन्या गाडीचा तो असतो किती, मागच्या पॉलिसीत बघा, क्लेममधून त्याहून जास्त सुटत असेल तर टाकून मोकळे व्हा. आणि बॉनेट नवीन कशाला, ठोकून सरळ होत असेल तर करा, मजुरीवर घसारा लागत नाही. माझ्या अल्टोचं तसंच केलं, उन्हात जरा लाट दिसते, पण चालतंय.