शब्दचर्चा: ‘काम-जीवन संतुलन’ला मराठीत काय म्हणावं? सुट्टी, रजा, सवड, उसंत आणि खाडा

नागपूरजवळच्या बुटीबोरीहून, प्रश्न

कारखान्यातल्या कामगारांसाठी नियमांची पुस्तिका मराठीत तयार होते आहे. वाचणारे तिन्ही पाळ्यांमधले, बरेचसे हिंगणा, उमरेड, वर्धा या बाजूचे. मसुद्यात एका प्रकरणाचं शीर्षक ‘काम-जीवन संतुलन’ (‘वर्क-लाइफ बॅलन्स’चं शब्दशः भाषांतर) असं आलं आहे. आतल्या मजकुरात रजा आणि सुट्टी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले आहेत. ‘ब्रेक’ला कुठे विश्रांती, कुठे उसंत, कुठे फुरसत असं लिहिलं आहे. जाणकारांनी नेमकेपणाने सांगावं.

धरमपेठहून

आधी शीर्षकाचं बघू. ‘काम-जीवन’ अशी जोडी लावली की काम हे जीवनाच्या बाहेरचं काहीतरी ठरतं. मराठी माणूस तशी विभागणी करत नाही. तो ‘नोकरी आणि घर’ म्हणतो, ‘नोकरी सांभाळून संसार’ म्हणतो. आपल्याकडे ‘घर’ या एका शब्दात माणसं, दुखणीखुपणी, मुलांचा अभ्यास, पाहुणे सगळं मावतं. ‘खासगी आयुष्य’ लिहिलं तर लपवण्याजोगं काही असल्याचा वास येतो. ‘निजी’ नागपुरात कानावर पडतो, पण तो हिंदीचा आहे, पुस्तिकेत नको.

आता ‘संतुलन’. तोल, समतोल, मेळ आणि ताळमेळ हे चार शब्द वेगळे आहेत. तोल बहुधा जाताना किंवा सांभाळतानाच आठवतो. समतोल म्हणजे दोन्ही पारडी सारखी, आणि ८ तासांच्या कामाला घरचे ८ तास तोलून देणं इथे कोणालाच अपेक्षित नाही. मेळ मात्र वेगवेगळ्या मापाच्या दोन गोष्टी एकमेकींत नीट बसवण्याला म्हणतात: ‘पाळीचा आणि मुलाच्या शाळेचा मेळ बसत नाही’. ताळमेळात हिशेब जुळल्याचा सूर आहे, तो पगारपत्रकाला शोभतो. ‘नोकरी आणि घर यांचा मेळ’ असं शीर्षक करा. ते मोठ्याने वाचलं तर पहिल्या पाळीचा माणूसही न थांबता पुढे जाईल.

सिव्हिल लाइन्सहून

रजा आणि सुट्टी एक नाहीत आणि हा फरक पैशांचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रजा अरबीतून फारसीमार्गे आली. मूळ अर्थ संतोष, संमती. राजी, रजामंदी, राजीनामा ही तिचीच भावंडं. म्हणजे रजा कोणीतरी मंजूर करायची असते. सुट्टी ‘सुटणे’वरून. ती सगळ्यांना मिळते, मागावी लागत नाही. रविवार ही सुट्टी आहे, लग्नासाठी घेतलेला मंगळवार ही रजा. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये ती मान्य झाली. ती साप्ताहिक सुट्टी होती, साप्ताहिक रजा नव्हे.

घोळ कुठे होतो? ‘५ दिवसांची सुट्टी घेतली’ असं लिहिलं आणि मधे रविवार आला, की खात्यातून ४ वजा करायचे की ५, यावर वाद. त्यामुळे पुस्तिकेत एकच रीत ठेवा: खात्यातून वजा होते ती रजा, वजा होत नाही ती सुट्टी. ‘रजेला जोडून आलेली सुट्टी’ आणि ‘रजेच्या मधे आलेली सुट्टी’ यांचे नियम दोन वेगळ्या वाक्यांत द्या.

दुसरा घोळ ‘टाकणे’ या क्रियापदाचा. इथे लोक ‘सुट्टी टाकली’ म्हणतात तेव्हा फक्त अर्ज दिलेला असतो. घरचे समजतात, मिळाली. अर्ज दिला, मंजूर झाली, नोंदली हे तीन टप्पे तीन क्रियापदांनी दाखवा.

जाता जाता: राज्य सरकारी नोकरीत अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होते, साठवण्याची मर्यादा ३०० दिवस. नैमित्तिक रजा, म्हणजे बोलण्यातली ‘सीएल’, सेवानियमांच्या दृष्टीने रजाच मानली जात नाही, त्या दिवशी माणूस कामावर असल्यासारखाच धरला जातो. म्हणून ती अर्जित रजेला जोडता येत नाही. नावात रजा असून हिशेबात नाही, असा हा शब्द आहे.

महालहून

‘सुटणे’वर अजून थोडं थांबायला हवं. औत सुटतं, शाळा सुटते, पाळी सुटते, ‘ड्युटी सुटली का भाऊ?’ असं विचारतात. ‘ऑफिस संपलं’ असं आपण म्हणत नाही. काम संपत नसतं, माणूस त्यातून सुटतो, हे भाषेला पक्कं ठाऊक आहे. बैलाच्या खांद्यावरचं जू काढण्यालाही सोडणंच म्हणतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्याला आवतण देतात: ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’. राबणाऱ्याला विश्रांती आदल्या दिवशीच कळवायची, ही रीत पाळीचं वेळापत्रक लावणाऱ्यांनी जरूर घ्यावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला, इथे मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते त्या दिवसाला, ‘कर’ म्हणतात. सणाच्या दगदगीनंतरच्या दिवसाला स्वतंत्र नाव असणं मला फार मोलाचं वाटतं.

धरमपेठहून

महालच्या काकांचं पटलं. पण सुटलेला माणूस मोकळा असतोच असं नाही. पाळी सुटली, फोन चालू राहिला, तर तो सुटला आहे, मोकळा नाही. म्हणून ‘सुटण्याची वेळ’ लिहिल्यावर त्याखाली ‘त्यानंतर फोन घेणं बंधनकारक नाही’ हे वेगळं लिहावं लागेल. एका शब्दात दोन्ही गोष्टी येत नाहीत.

आता तिसरा प्रश्न. सवड कशासाठी तरी असते: ‘आईला दवाखान्यात न्यायला सवड काढली’. ती काढता येते, म्हणून नियोजनाच्या वाक्यात चालते. फुरसत कशासाठीच नसते, हातात काम नाही ती स्थिती. नियमांच्या पुस्तिकेत तिचं काही काम नाही. उसंत म्हणजे सलग चाललेल्या गोष्टीतला छोटा खंड: ‘पावसाने उसंत घेतली’. माणसाबद्दल ती बहुतेक नकारात येते, ‘उसंत मिळाली नाही’. नियमाने दिलेल्या अर्ध्या तासाला उसंत म्हणू नका, तो हक्क आहे. ‘विश्रांतीची वेळ’ लिहा आणि किती वाजता ते लिहा. नागपुरात ‘खाली’ हा शब्दही रिकाम्या वेळेसाठी चालतो. ‘मी खाली आहो’ म्हणजे मोकळा आहे, की तळमजल्यावर आहे, हे संदेशात कळत नाही. तिथे ‘मोकळा’च बरा.

हिंगण्याहून

पाळ्यांचे शब्द सगळ्यात जास्त गोंधळ घालतात.

पहिली पाळी सकाळी ७ ते ३, दुसरी ३ ते ११, तिसरी ११ ते ७ असं धरा. ‘रविवारी सुट्टी’ म्हटलं तर तिसऱ्या पाळीच्या माणसाने शनिवारी रात्री यायचं की नाही? तो आला तर त्याचे रविवारचे ७ तास कामात गेले. १९४८च्या कारखाने अधिनियमाने कलम ५७ मध्ये याचा निकाल लावला होता: पाळी मध्यरात्रीपलीकडे जात असेल तर सुट्टीचा ‘दिवस’ म्हणजे पाळी सुटल्यापासूनचे सलग २४ तास. कॅलेंडरचा दिवस आणि पाळीचा दिवस हे दोन अर्थ पुस्तिकेत पहिल्याच पानावर सांगा. फलकावर ‘शनिवार रात्री ११ ते रविवार सकाळी ७’ असं दोन्ही टोकांना वार आणि वेळ घालून लिहा, सोबत तारीख. ‘रात्री १२’ आणि ‘परवा’ हे तर लिहूच नका. परवा मराठीत मागेही असतो आणि पुढेही.

त्याच अधिनियमात दोन वेगळ्या सुट्ट्या होत्या. साप्ताहिक सुट्टीला काम करवून घ्यायचं असेल तर तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या ३ दिवसांत एक दिवस द्यायचा, ही बदलून दिलेली सुट्टी. आणि सुट्टी बुडालीच तर त्याच महिन्यात किंवा पुढच्या २ महिन्यांत द्यायची, ती भरपाई सुट्टी. आपण दोन्हींना ‘सी-ऑफ’ (कॉम्पेन्सेटरी ऑफ) म्हणतो आणि मुदत हरवते. ‘बदली सुट्टी’ असंही लिहू नका, बदली कामगाराची सुट्टी असा अर्थ निघतो.

‘पाळी’चा दुसरा अर्थही लक्षात ठेवा. ‘पाळीची रजा’ न लिहिता ‘मासिक पाळीची रजा’ असं पूर्ण लिहा.

मानेवाड्याहून

या चर्चेत ‘खाडा’ राहून गेला. घरकाम करणाऱ्या बाईंच्या बाबतीत हा शब्द फार अन्याय करतो. खाडा म्हणजे सलग हजेरीत पडलेली खोट. तिने महिन्यात ४ दिवस घेतले तर आपण ‘४ खाडे’ म्हणतो. ऑफिसात तेच ४ रविवार सुट्टी ठरतात. आधी ठरलेले ४ दिवस सुट्टी आणि न कळवता चुकलेला दिवस तेवढा खाडा, असं बोलणं बदललं की हिशेबही बदलतो. महिन्याचे २,६०० रुपये आणि ४ सुट्ट्या ठरल्या असतील, तर त्या चारचे पैसे कापायचे नाहीत. पूर्ण २,६०० द्यायचे. ३०ने भागून ‘४ खाड्यांचे’ ३४७ रुपये कापणं ही चूक आहे.

आणि धरमपेठच्या ताई, ‘नोकरी आणि घर’ या जोडीत घरीही कामच करणाऱ्या बाईची विश्रांती कुठे बसते? ‘मेळ’ शब्द चांगला आहे, पण शीर्षकात ‘विश्रांती’ हवीच.

धरमपेठहून

बरोबर आहे. ‘नोकरी, घर आणि विश्रांती यांचा मेळ’ करा.

बुटीबोरीहून

शीर्षक तसंच घेतो. एक शब्द अडला आहे. सुट्टीच्या दिवशी यंत्र बिघडलं तर बोलावलं जाईल, अशा दिवसाला काय म्हणायचं? मसुद्यात ‘सुट्टी (ऑन कॉल)’ आहे.

हिंगण्याहून

तो दिवस सुट्टी नाही, कारण माणूस गावाला जाऊ शकत नाही. काम चालू नसल्याने पूर्ण ड्युटीही नाही. ‘राखीव दिवस’ लिहा आणि तीन गोष्टी जोडा: किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, फोन आल्यावर किती मिनिटांत पोचायचं, आणि बोलावलं नाही तरी त्याचे पैसे किती. साप्ताहिक सुट्टीच्या रकान्यात हा दिवस मोजू नका.