घरी जुळवलेला गेमिंग संगणक: पंखे, सुटे भाग आणि नाशिककरांचे अनुभव

नाशिकमध्ये ज्यांनी गेमिंगसाठी संगणक घरीच जुळवला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. ग्राफिक्स कार्डांविषयी भरपूर लिहिले जाते. कॅबिनेटचे (संगणकाच्या पेटीचे) पंखे कोठे आणि कसे जोडावेत, याविषयी मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. प्रत्येक अनुभवाच्या वर लिहिणाऱ्याच्या भागाचे नाव आहे. सुरुवात मी करतो.

गंगापूर रोड

मदरबोर्डवरचा (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) 'सीपीयू फॅन' हा हेडर, म्हणजे पंख्याची वायर जोडायची पिनांची जागा, प्रोसेसरच्या कूलरसाठीच राखावा, कारण तेथून पंखा फिरत असल्याचा संकेत मिळाला नाही तर अनेक बोर्ड सुरू होतानाच इशारा देऊन थांबतात. कॅबिनेटचे पंखे 'सिस्टम फॅन' किंवा 'चेसिस फॅन' असे लिहिलेल्या हेडरवर जोडावेत. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या हेडरवर व्यवस्थित बसतो. मात्र चार पिनांच्या पंख्याचा वेग पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणाऱ्या) संकेताने बदलतो, तर तीन पिनांच्या पंख्याचा व्होल्टेज कमी-जास्त करून, त्यामुळे बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) त्या हेडरसाठी डीसी, म्हणजे व्होल्टेजने नियंत्रण, हा पर्याय निवडला नाही तर तो सतत पूर्ण वेगाने फिरत राहू शकतो. पुढचे तीन पंखे मी स्प्लिटर (एका हेडरवर अनेक पंखे जोडणारी वायर) लावून एकाच हेडरवर घेतले, पण त्याआधी प्रत्येकावर छापलेल्या अँपिअरच्या आकड्यांची बेरीज केली, कारण बऱ्याच बोर्डांवर एका हेडरची मर्यादा १ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला १२ वॅट, इतकीच असते. स्प्लिटरमधून सहसा एकाच पंख्याचा वेग बोर्डाला कळतो, तेव्हा बायोसमध्ये एकच आकडा दिसला तरी बाकीचे पंखे बंद आहेत असे समजू नये.

सिडको

अंबडची औद्योगिक वसाहत आमच्या घराला जवळ असल्यामुळे धूळ हाच माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न होता. म्हणून हवा आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले आणि आत ओढणाऱ्या प्रत्येक पंख्यापुढे जाळी बसवली. कॅबिनेटमध्ये हवेचा दाब किंचित जास्त राहिला की फटींतून धूळ कमी शिरते. दिशा ओळखणे सोपे आहे: साधारणपणे पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. जाळ्या नियमित धुवाव्यात, कारण त्या तुंबल्या की ही सारी रचना व्यर्थ ठरते.

नाशिकरोड

धाकट्या भावासाठी संगणक जुळवताना सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणावेत, असा सल्ला अनेकांनी दिला. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत निघता येते, हे खरे. तरीही पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड मी नाशिकमध्येच घेतले, कारण वॉरंटीसाठी पुन्हा मुंबई गाठण्यात वाचलेला पैसा निघून गेला असता. निवड करताना आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरवले: अनुक्रमे रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ४०६०. पहिल्याची टीडीपी (उष्णतेची ठरवलेली मर्यादा) ६५ वॅट आणि दुसऱ्याची वीजमर्यादा ११५ वॅट असल्याने चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेसा होता, आणि तेथे काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर कार्डाची लांबी व कूलरची उंची मोजून कॅबिनेट निवडले. पुढून पूर्ण काच असलेले कॅबिनेट भावाला आवडले होते. एप्रिल-मे महिन्यांतील येथील उन्हाचा विचार करून मी जाळीदार पुढच्या बाजूचे घ्यायला लावले.

इंदिरानगर

रंगीत दिव्यांच्या पंख्यांना दोन जोडण्या असतात, एक फिरण्यासाठी आणि एक दिव्यांसाठी. दिव्यांची जोडणी एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येणारी) असेल तर ती ५ व्होल्टची व तीन पिनांची असते; साधी आरजीबी १२ व्होल्टची व चार पिनांची असते. ५ व्होल्टचे दिवे बळजबरीने १२ व्होल्टच्या हेडरवर लावल्यास जळतात, म्हणून पंखे घेण्यापूर्वीच आपल्या बोर्डावर कोणता हेडर आहे, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे.

पंचवटी

वीज जाण्याचा विचार करून संगणक घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल, तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारा असावा. आजच्या बऱ्याच पॉवर सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (विजेचा वापर सुधारणारे सर्किट) असते आणि वीज जाऊन स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहर देणाऱ्या) इन्व्हर्टरवर येताना असा संगणक बंद पडू शकतो.